पंप नंतर, आधी बादली

लोणावळा-खंडाळ्यात, आणि आता कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंत, ज्यांनी अलीकडे बाथरूम नवं करून घेतलं त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच आहे. जुन्या टाइल्स फोडल्या, भिंतीत कन्सील्ड डायव्हर्टर बसवला, फॉल्स सीलिंगमध्ये मोठा रेन शॉवर लावला, खर्च लाखाच्या वर गेला, आणि पाणी मात्र डोक्यावर नीट पडतसुद्धा नाही. जुना पितळी शॉवर याहून बरा होता, असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात आणि ती खरं बोलतात. तक्रार शंभर टक्के रास्त आहे. तिला जे उत्तर दिलं जातं ते चुकीचं आहे.

ते उत्तर आता इतकं रूढ झालंय की कुणी त्यावर प्रश्न विचारत नाही. 'आपल्याकडे पाण्याला प्रेशरच नाही, प्रेशर पंप लावून घ्या.' काम करणारा ठेकेदार हेच सांगतो, हार्डवेअरचा दुकानदार हेच सांगतो, आणि ज्याने गेल्या वर्षी पंप लावला तो शेजारीही हेच सांगतो. कुणी टेप घेऊन गच्चीवर जात नाही, कुणी शॉवरखाली बादली धरून घड्याळ पाहत नाही. न मोजता केलेलं हे निदान आहे आणि त्याची किंमत घरमालक भरतो. माझं म्हणणं असं की, बहुतेक घरांत दोष पाणीपुरवठ्यात नसतो. तो नव्या कामात असतो आणि टाइल्सच्या मागे झाकलेला असतो. पंप तो दोष दूर करत नाही, दडवतो.

सगळ्यात आधी पालिकेला या आरोपातून मोकळं करू. नळाला पाणी कमी वेळ येतं, उशिरा येतं, गढूळ येतं, या तक्रारी जरूर करा. पण आपल्या भागातल्या बहुतेक घरांत नळाचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि शॉवरला पाणी मिळतं ते त्या वरच्या टाकीतून. पालिकेच्या पाइपातला दाब खालच्या टाकीत पाणी पडलं त्या क्षणी संपला. पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना देशभर जी सरकारी नियमपुस्तिका वापरतात, तिच्या 1999 च्या आवृत्तीत घराच्या जोडणीपाशी किती दाब असावा हे मीटरमध्ये दिलेलं होतं: एकमजली घरासाठी 7 मीटर, दुमजलीसाठी 12, तीनमजलीसाठी 17. हा आकडा तुमच्या गल्लीत पाळला जातो की नाही, हा नगरपरिषदेला विचारण्याचा प्रश्न आहे. पण तो पाळला गेला तरी तुमचा शॉवर एका थेंबानेही सुधारणार नाही, कारण शॉवरचा आणि त्या पाइपाचा संबंधच तुटलेला आहे.

दाब मीटरमध्ये मोजतात, ही गोष्ट लोणावळ्याला तरी कुणी शिकवायला नको. घाटमाथ्यावरच्या या पाण्याला किती दाब आहे, हे जगाला दाखवून शंभर वर्षं उलटून गेली. टाटांच्या जलविद्युत योजनेचं काम 1911 मध्ये इथे सुरू झालं. लोणावळा, वलवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला नेलं, आणि 1915 पासून त्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. तलावांपासून खोपोलीच्या जनित्रांपर्यंत पाणी 500 मीटरच्या आसपास खाली उतरतं. दर 10 मीटर उंचीला 1 बार, या हिशेबाने तळाशी तो दाब 50 बारच्या घरात जातो. त्या योजनेत पाण्याला जोर देण्यासाठी पंप नव्हता. जोर उंचीतून आला. याच डोंगरात भाज्याच्या लेण्यांपाशी आणि लोहगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांत पाणी भरपूर, पण ते पायाच्या पातळीवर असल्याने ओंजळीने किंवा भांड्यानेच काढावं लागतं. पाणी किती आहे यावर दाब ठरत नाही. ते वापरणाऱ्याच्या किती वर आहे यावर ठरतो.

म्हणून 'हजारची टाकी काढा, दोन हजारची बसवा, प्रेशर वाढेल' हा सल्ला निव्वळ चुकीचा आहे. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने 1586 मध्येच हे मांडून ठेवलंय की तळावरचा दाब पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो, भांड्याच्या आकारावर किंवा आत मावणाऱ्या पाण्यावर नाही. मोठी टाकी पसरट असेल तर उलट पातळी खाली येते आणि दाब थोडा घटतो. टाकीखालचा विटांचा ओटा दोन फुटांवरून चार फुटांवर नेला तर मात्र दोन फुटांचा दाब निश्चित वाढतो, फक्त स्लॅबला ते वजन पेलेल का हे आधी विचारायला हवं.

आता आपल्याकडच्या साध्या बंगल्याचा हिशेब मांडू. खोलीची उंची 10 फूट, स्लॅब अर्धा फूट, टाकीचा ओटा 2 फूट, टाकीत भरलेलं पाणी 3 फूट. म्हणजे पाण्याची पातळी बाथरूमच्या फरशीपासून साडेपंधरा फुटांवर. जुना शॉवर भिंतीवर 7 फुटांवर होता. त्याच्या वाट्याला साडेआठ फूट, म्हणजे साधारण 2.6 मीटर, म्हणजे 0.26 बार दाब येत होता. नवा शॉवर फॉल्स सीलिंगमध्ये 9 फुटांवर गेला. त्याच्या वाट्याला साडेसहा फूट उरले. टाकी तळाला गेली की हेच साडेतीन फुटांवर येतं. घराची उंची बदलली नाही, टाकी बदलली नाही, पालिका बदलली नाही. दोन फूट दाब शोभेसाठी सोडून दिला.

पण इथे थांबलात तर निदान अर्धवट राहील, आणि मला अर्धवट निदानाचाच राग आहे. प्रवाह उंचीच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. साडेआठाचे साडेसहा फूट झाले तर प्रवाह फार तर एक अष्टमांशाने कमी होतो. पूर्वी मिनिटाला 10 लिटर येत असेल तर आता पावणेनऊ यायला हवं. तुमच्याकडे तीन लिटर येत असेल तर उरलेलं पाणी उंचीने खाल्लेलं नाही. ते वाटेत कुठेतरी अडलंय. नेमकं हेच 'प्रेशर नाही' म्हणणाऱ्यांना सांगता येत नाही, कारण त्यांनी आकडा घेतलेलाच नसतो.

आकडा घ्यायला एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. शॉवरचं तोंड पूर्ण काढून ठेवा, उघड्या पाइपाखाली 10 लिटरची बादली धरा आणि फक्त थंड पाण्याने ती किती वेळात भरते ते पाहा. मग त्याच बाथरूममधल्या खालच्या नळाखाली तेच करा. नळ फरशीपासून अडीच फुटांवर असेल तर त्याच्यावर 13 फूट पाणी आहे, शॉवरवर साडेसहा. उंची निम्मी, म्हणून शॉवरच्या उघड्या पाइपातून नळाच्या साधारण सत्तर टक्के पाणी यायला हवं. साठ-पासष्ट टक्के आलं तरी काम ठीक आहे असं समजा. पंधरा-वीस टक्केच आलं, तर दोष नळ आणि शॉवर यांच्यामधल्या नव्या कामात आहे, यात शंका धरू नका. आणि नळालाच पाणी कमी असेल, तर वर गच्चीकडे बघा: टाकीच्या तोंडाशी गाळ, अर्धवट उघडा राहिलेला गेट व्हॉल्व्ह, किंवा उतरत्या पाइपात अडकलेली हवा.

तोंड काढल्यावर पाइपातून पाणी धो धो आलं, तर दोष त्या तोंडातच आहे. हे फार वेळा घडतं. सीपीव्हीसी पाइप कापताना पडलेला चुरा, टेफ्लॉन टेपचे तुकडे, टाइल कापल्याची पूड, हे सगळं पहिल्या दिवशी वाहत येतं आणि शॉवरच्या जाळीत जाऊन बसतं. जुलै-ऑगस्टमध्ये काम झालं असेल तर पावसाळी पाण्याचा गाळही त्यात भर घालतो. प्लंबरने टाकी रिकामी करून पुन्हा भरली की तळाचा सगळा गाळ ढवळून खाली येतो. जाळी धुवायला पाच मिनिटं लागतात. पुष्कळ शॉवरांत पाणी वाचवण्यासाठी एक प्लास्टिकची चकतीही घातलेली असते. ती शहरातल्या जोरदार दाबासाठी आहे, आपल्या सहा-सात फुटांसाठी नाही. कुणी म्हणेल, 'इथल्या पाण्यातल्या क्षारांनी भोकं बुजली.' क्षार साचायला महिने लागतात, वर्षं लागतात. पहिल्या आठवड्यात बंद पडलेल्या शॉवरचा दोष क्षारांवर टाकणं म्हणजे कामाची जबाबदारी झटकणं.

जाळी स्वच्छ आहे, पाइपातून पाणीही बरं येतं, तरी शॉवरचं समाधान नाही? मग भोकं मोजा. मिनिटाला 6 लिटर पाणी 100 छिद्रांत वाटलं, तर एका छिद्राच्या वाट्याला सेकंदाला 1 मिलिलिटर येतं. त्याची धार होत नाही, थेंब होतात. असे मोठे शॉवर आणि त्यांचे भिंतीतले डायव्हर्टर पुष्कळदा अशा घरांसाठी आखलेले असतात जिथे पाणी दाबाखालच्या पाइपातून थेट येतं. माहितीपत्रकात किमान दाब छापलेला असतो: कुठे 0.5 बार, कुठे 1 बार. अर्ध्या बारला साडेसोळा फूट उंची लागते. आपल्याकडे आहे साडेसहा. ही माहिती खरेदीच्या दिवशी डब्यातच होती, फक्त ती वाचून दाखवणं विकणाऱ्याच्या सोयीचं नव्हतं. अशा ठिकाणी चार इंची, कमी छिद्रांचा शॉवर भिंतीवर परत आणला तर त्याच पाण्यात सुखाने आंघोळ होते. तो छतातल्या शॉवरइतका दिसायला भारी नसतो, हे मान्य.

आता भिंतीच्या आत. इथे दोन समजुती इतक्या घट्ट रुजल्या आहेत की शिकलेली माणसंही त्या बोलून दाखवतात. पहिली: 'पाइप बारीक घेतला की प्रेशर वाढतं.' बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, यावरून ही समजूत आली असावी. पण तिथे फक्त शेवटचं तोंड बारीक केलेलं असतं, मागची सगळी नळी रुंदच राहते. सगळा पाइपच बारीक केला तर पाणी सबंध लांबीभर घासत येतं. घर्षणातला तोटा साधारणपणे व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. 20 मिलिमीटरच्या जागी 15 मिलिमीटर घेतला की तेवढ्याच प्रवाहाला चौपटीहून जास्त दाब खर्च होतो. ज्याच्याकडे 50 मीटर दाब आहे त्याला हा तोटा जाणवणार नाही. ज्याच्याकडे दोन मीटर आहे त्याचं सगळंच त्यात जातं. पाऊण इंची पाइप आणि अर्धा इंची पाइप यांच्या किमतीतला फरक एका बाथरूमपुरता काही शे रुपयांचा असेल. तो वाचवून नंतर हजारोंचा पंप माथी मारला जातो. खांब चुकवायला घेतलेली जास्तीची एल्बो, दारावरून वर नेऊन पुन्हा खाली उतरवलेला पाइप, त्या उंचवट्यात अडकून बसलेली हवा, सांध्यात जास्त लावल्याने आत घट्ट होऊन बसलेलं सॉल्व्हंट सिमेंट, ही सगळी त्याच हिशेबात मोजायची.

दुसरी समजूत जास्त घातक आहे, कारण ती पुराव्यासारखी पुढे केली जाते: 'टाइल लावण्याआधी प्रेशर टेस्ट घेतली होती, लाइन एकदम ओके आहे.' टेस्ट घेतली असेल, लाइन गळत नसेलही. पण त्या चाचणीत सगळी तोंडं बंद करून पाइपात दाब भरून ठेवतात आणि काटा खाली येतो का पाहतात. थांबलेल्या पाण्यात दाब सगळीकडे पोचतो, सुईएवढी वाट उरली असली तरी पोचतो. पाइपाचा तीन चतुर्थांश भाग सिमेंटने बुजलेला असला तरी काटा जागचा हलत नाही. ही गळतीची चाचणी आहे, प्रवाहाची नाही. प्रवाहाची चाचणी एकच: पाणी सोडा, बादली भरा, वेळ लिहा. आणि ती टाइल्स लागण्याआधी घ्यायची, कारण नंतर ती घेऊन सापडलेला दोष छिन्नी-हातोड्यानेच निघतो.

फक्त गरम पाणी कमी येत असेल तर भिंत फोडू नका. गिझरच्या आत येणाऱ्या पाइपावर एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, असतो. त्याची स्प्रिंग आपल्या थोडक्या दाबातला मोठा हिस्सा स्वतःच खाते, किंवा त्यात कचरा अडकतो. तो साफ करावा, गरज पडली तर कमी दाबावर उघडणारा घ्यावा, पण काढून टाकायला कधीही सांगू नये. त्याच्यासोबत असणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गिझर फुटू नये म्हणून आहे.

'पण पंप लावल्यावर पाणी येतं ना?' हा शेवटचा मुद्दा सांगणाऱ्याला निर्णायक वाटतो. येतं. अर्ध्या बुजलेल्या पाइपातूनही जोर लावला की पाणी येतं. मग तोच जोर ज्या नव्या सांध्यांवर पडतो ते भिंतीत गाडलेले असतात. त्यातला एक जरी सुटला तर लोणावळ्यात ते कळायला ऑक्टोबर उजाडतो, कारण जून ते सप्टेंबर इथली प्रत्येक भिंत ओलीच असते आणि पावसाची ओल कुठली, गळतीची कुठली, हे कुणाला ओळखू येत नाही. ऐन पावसाळ्यात वीज जाते तेव्हा पंपाला बायपास ठेवला नसेल तर पूर्वी जे थोडं पाणी यायचं तेही आटतं. शनिवार-रविवारी भाड्याने दिलेल्या बंगल्यात त्या वेळी वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या बादल्या कोण वाहतं? मालक पुण्यात किंवा मुंबईत असतो. बादल्या वाहतो तो जवळच्या गावातला केअरटेकर, आणि पाहुण्यांची बोलणीही तोच खातो.

पंप कधीच लावू नये, असं मी म्हणत नाही. सोसायटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर जेमतेम चार-पाच फूट, ओटा वाढवायला परवानगी नाही, पाइप मोठा आणि मोकळा असल्याचं मोजून सिद्ध झालंय: तिथे लहान बूस्टर पंप योग्य आहे. तोही टाकीच्या पुढे आणि बायपास ठेवून. पालिकेच्या नळावर थेट मोटर लावून पाणी ओढणं मात्र शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी पळवणं आहे. माझा विरोध पंपाला पहिलं उत्तर मानण्याला आहे.

शिवाय पाणी किती जातं याचाही विचार करा. पंपावर चालणाऱ्या मोठ्या शॉवरमधून मिनिटाला 15 लिटर गेलं तर दहा मिनिटांच्या आंघोळीला 150 लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यात एका माणसाला स्वयंपाक, धुणं, आंघोळ सगळं धरून दिवसाला 135 लिटरचं प्रमाण धरतात. आंदर मावळ आणि नाणे मावळातल्या डोंगरावरच्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडे घेऊन किती चालतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. याच मावळ तालुक्यात 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात एक्स्प्रेस-वेवर गोळीबार झाला आणि तीन आंदोलकांचा जीव गेला. इथे पाण्याचा हिशेब हलक्या हाताने करता येत नाही.

एक गोष्ट प्लंबरच्या बाजूने. शॉवर चालला नाही की सगळ्यात आधी त्याच्यावर ओरडतात. पण शॉवर कुठला घ्यायचा हे त्याने ठरवलेलं नसतं, तो छतात न्यायचा हे इंटीरियरवाल्याने चित्रात काढलेलं असतं, पाइप कुठल्या मापाचा आणायचा हे ठेकेदाराने ठरवलेलं असतं, आणि 'उद्या टाइलवाला येतोय, आज लाइन बंद कर' ही घाईही त्याची नसते. त्याला एक दिवस जास्त दिला असता तर त्याने लाइन धुऊन काढली असती, प्रत्येक तोंडाला पाणी सोडून पाहिलं असतं. हा दिवस वाचवणाऱ्यांनी नंतर त्याला दोष देऊ नये.

म्हणून बाथरूम नवं करायला काढलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंतची उंची स्वतः मोजा आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात जा. शॉवरच्या डब्यावरचा किमान दाब त्या उंचीत बसत नसेल तर तो घेऊ नका. भिंतीतला पाइप पाऊण इंचीच हवा, हे करारात लिहून घ्या. टाइल लावण्याआधी थंड आणि गरम, दोन्ही वाटांचं पाणी बादलीत मोजून आकडा लिहून ठेवा आणि त्यावर ठेकेदाराची सही घ्या. काम झाल्यावर त्याच पाइपातून तेवढंच पाणी आलं तरच शेवटचा हप्ता द्या. आलं नाही आणि तो म्हणाला, 'साहेब, इकडे प्रेशरच नाही,' तर पैसे थांबवा आणि टाइलमागचा पाइप दुरुस्त करून मागा.